वैवाहिक स्थिती : सयामच्या एका रकान्याचा इतिहास

प्रशासनात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. अर्जाच्या नमुन्यातील लांबलचक रकाने फारसा त्रास देत नाहीत. त्रास देतो तो बोटभर रुंदीचा, एका शब्दात उत्तर मागणारा रकाना. 'वैवाहिक स्थिती' हा असाच एक रकाना आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता यांच्या पंगतीत तो निमूटपणे बसलेला असतो आणि लिहिणाराही फारसा विचार न करता तो भरून टाकतो. परंतु विवाह म्हणजे काय, तो नेमका केव्हा घडतो आणि तो घडला हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरल्याखेरीज या रकान्यात काहीच लिहिता येत नाही. ही उत्तरे देशागणिक वेगळी आहेत. एका देशाचा माणूस दुसऱ्या देशाच्या व्हिसासाठी अर्ज भरू लागला की हा फरक कागदावर उघडा पडतो.

या पानावर मी बहुतेक वेळा आपल्याच देशातील कचेऱ्यांविषयी लिहितो. आज थायलंडविषयी लिहीत आहे, त्याला कारण आहे. विवाहाच्या बाबतीत थायलंडचा कायदा आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या बरोबर उलट उभा आहे. आपल्याकडे विधी विवाह घडवितो आणि कागद त्याची साक्ष देतो. तेथे कागद विवाह घडवितो आणि विधी कायद्याच्या दृष्टीने केवळ समारंभ ठरतो. हा फरक कसा निर्माण झाला आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासारखे आहे. परदेशांत राहणाऱ्या मराठी वाचकांना तर या रकान्याशी स्वतःही झुंजावे लागलेले असते.

थायलंडच्या ईशान्येकडील प्रांतांना तेथील लोक 'ईसान' म्हणतात. शब्द आपल्या 'ईशान'चाच. तेथील एखाद्या खेड्यातले मध्यमवयीन जोडपे डोळ्यांसमोर आणावे. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांचे लग्न झाले. वराकडची मंडळी वाजतगाजत वधूच्या घरी गेली. वधूच्या आईवडिलांना द्यावयाचे 'सिन सोत' हे द्रव्य वडीलधाऱ्यांसमोर मांडून मोजले गेले. भिक्षूंनी मंगलपाठ म्हटला, त्यांना भोजन दिले गेले. गावच्या वृद्धांनी दोघांच्या मनगटांना पांढरा दोरा बांधून आशीर्वाद दिला. थायलंडच्या इतर भागांत वधूवरांच्या हातांवर शंखातून पाणी सोडतात. त्या पाण्याला 'नाम सांग' म्हणतात आणि त्यातील 'सांग' म्हणजे आपला शंखच. पुढे संसार झाला, मुले झाली, घर बांधले. गावात कोणी विचारले तर ते दोघे नवराबायको आहेत याविषयी कोणाच्याही मनात शंका नाही. फक्त एक गोष्ट राहून गेली. ते दोघे तालुक्याच्या कचेरीत, म्हणजे 'आम्फो'मध्ये, कधी गेले नाहीत.

थाई दिवाणी व व्यापारी संहितेचे कलम १४५७ सांगते की विवाह हा केवळ नोंदणीनेच घडतो. वधूवरांनी निबंधकासमोर आपली संमती जाहीरपणे सांगावयाची, साक्षीदारांनी सह्या करावयाच्या आणि निबंधकाने नोंद घ्यावयाची, म्हणजे विवाह झाला. कचेरीत या नोंदणीला शुल्क नाही. देशात ८७८ आम्फो आणि बँकॉक शहरात अशाच ५० कचेऱ्या आहेत, आणि त्यांपैकी कोणत्याही कचेरीत नोंदणी करता येते. ही नोंद नसेल तर वीस वर्षांचा संसारही कायद्याच्या नजरेत विवाह नव्हे. अशा माणसाने कचेरीकडे वैवाहिक स्थितीचा दाखला मागितला, तर त्याला तो अविवाहित असल्याचा दाखला मिळतो, आणि तो दाखला खोटा नसतो.

भाषेने मात्र ही तडजोड फार पूर्वीच करून ठेवली आहे. विवाहासाठी थाई भाषेत जो औपचारिक शब्द आहे त्याचा उच्चार 'सोमरोत' असा होतो, पण थाई लिपीत तो लिहितात 'समरस' असाच. संस्कृतातून गेलेला हा शब्द आज कायद्याच्या नोंदवहीत बसला आहे. लग्नसमारंभासाठी बोलीत वेगळा शब्द आहे, 'तैंग-ङान'. नोंदणी करण्यासाठी आणखी तिसरा, 'चोत थबियन'. त्यामुळे 'लग्न झाले आहे, पण नोंद केलेली नाही' हे वाक्य थाई माणूस सहज बोलतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात विसंगती वाटत नाही. याशिवाय 'यू किन' असा एक जुना प्रयोग आहे. त्याचा शब्दशः अर्थ राहणे-खाणे. पतिपत्नीप्रमाणे एकत्र राहणे-खाणे हा प्रयोग तेथील कायद्याच्या लिखाणातही येतो. आपल्या 'नांदणे' या शब्दाला इतका जवळचा शब्द मला दुसऱ्या भाषेत आढळलेला नाही. नांदणारी माणसे आणि नोंदलेली माणसे असे दोन वर्ग तेथे पडले आहेत. व्हिसाच्या अर्जावर मात्र त्यांच्यासाठी एकच रकाना असतो.

हे दोन वर्ग मुळात नव्हते. जुन्या सयामच्या कायद्याचा पाया 'थम्मसात', म्हणजे आपले धर्मशास्त्र, हा होता. हे शास्त्र मोन लोकांच्या मार्फत सयामला पोहोचले आणि वाटेत त्याने बौद्ध रूप घेतले. त्याच्या प्रारंभीच्या कथेत मनोसार नावाचा ऋषी येतो; तो विश्वाच्या सीमेवरील भिंतीवर लिहिलेला कायदा पाहून येतो आणि राजाला सांगतो. मनोसार म्हणजे आपला मनूच. पहिल्या राम राजाने १८०५ मध्ये हे सर्व जुने कायदे तपासून एकत्र केले. 'तीन मुद्रांचा कायदा' या नावाने ती संहिता ओळखली जाते. तीत पुरुषाच्या बायकांचे तीन वर्ग सांगितले आहेत. आईवडिलांनी रीतसर दिलेली ती पहिली, पुरुषाने नंतर स्वतः आणलेली ती दुसरी, आणि दास्यातून पैसे देऊन सोडवून आणलेली ती तिसरी. या तिसरीच्या थाई नावात 'थासी' हा शब्द आहे, म्हणजे आपली 'दासी'. या तिघीही बायकाच होत्या. त्यांचे दर्जे वेगळे होते आणि नवऱ्याच्या मालमत्तेतील वाटेही वेगळे होते, पण कोणा एकीला 'तू बायकोच नाहीस' असे कायदा म्हणत नव्हता. नोंदवही नव्हती. आईवडिलांची संमती, एकत्र राहणे आणि लोकांची साक्ष यांवरून विवाह ठरत असे.

ही व्यवस्था सुखाची होती असे मानण्याचे कारण नाही. १८६५ मध्ये अम्दाएंग मुअन नावाच्या एका तरुणीने थेट मोंगकुत राजाकडे अर्ज केला. तिचे प्रेम एका पुरुषावर होते आणि आईवडिलांनी तिला दुसऱ्याच्या हवाली केले होते. राजाने वयात आलेल्या स्त्रीला आपला जोडीदार स्वतः निवडता येतो असा निर्णय दिला. नवऱ्याने बायकोला तिच्या संमतीविना विकण्यावरही १८६८ मध्ये निर्बंध आले. स्त्रीची स्वतःची संमती हा विवाहाचा घटक आहे, हे तत्त्व सयामी प्रशासनाने इतक्या स्पष्टपणे मांडले ते या सुमारास. आज निबंधकासमोर वधूने आपल्या तोंडाने संमती सांगावी लागते, त्या तरतुदीकडे पाहताना मला या अर्जाची आठवण होते.

यानंतरचा बदल मात्र बाहेरच्या दडपणाखाली झाला. १८५५ मध्ये सयामने इंग्लंडशी केलेल्या बाउरिंग तहानुसार ब्रिटिश प्रजेवर सयामच्या न्यायालयांचा अधिकार चालेनासा झाला. त्यामागोमाग इतर देशांशीही तसेच तह झाले. आपल्याच भूमीवर परक्यांना आपला कायदा लागू नाही, ही स्थिती कोणत्याही राज्याला बोचणारी होती. ती बदलावयाची तर आमचे कायदे 'सुधारलेल्या' राष्ट्रांसारखे आहेत हे सिद्ध करणे भाग होते. त्यासाठी परदेशी कायदेपंडित नेमले गेले. जपानचे मासाओ टोकिची आणि फ्रान्सचे जॉर्ज पादू ही त्यांतील ठळक नावे. १९०८ मध्ये दंडसंहिता आली. दिवाणी संहितेचे पहिले भाग १९२५ मध्ये, जर्मन व जपानी संहितांच्या वळणावर, अमलात आले. कुटुंबविषयक भाग मात्र रखडला. कारण त्यात बहुपत्नीत्वाचा प्रश्न होता आणि तो प्रश्न प्रत्यक्ष राजवाड्याच्या व सरदारांच्या घरात होता. एकपत्नीत्वाचा कायदा करावा की न करावा, यावर दरबारात वर्षानुवर्षे वाद चालला.

दरम्यान माणसांची नोंद ठेवण्याचे यंत्र उभे राहत होते. वजिरावुध राजाच्या कारकिर्दीत १९१३ मध्ये आडनावांचा कायदा झाला. तोपर्यंत सयामी माणसाला आडनावच नव्हते. १९१७ मध्ये स्त्रियांच्या नावापुढील उपपदे ठरली. विवाहित ती 'नांग', अविवाहित ती 'नांगसाव'. पुरुषाचे उपपद लग्नाने बदलत नसे; स्त्रीचे बदले. वैवाहिक स्थितीचा रकाना अशा रीतीने स्त्रीच्या नावालाच येऊन चिकटला.

१९३२ मध्ये राज्यक्रांती होऊन निरंकुश राजसत्ता संपली, आणि जे काम दरबाराला जमले नव्हते ते नव्या सरकारने तीन वर्षांत केले. १ ऑक्टोबर १९३५ पासून संहितेचा पाचवा, म्हणजे कुटुंबविषयक, भाग लागू झाला. एका वेळी एकच विवाह आणि तोही नोंदणीनेच, असे दोन नियम त्यात एकमेकांना बांधले होते. आदल्या दिवसापर्यंत झालेले विवाह जुन्या कायद्याप्रमाणे वैधच राहिले. पुढे १९३७ च्या सुमारास नवे तह झाले आणि परकीयांच्या विशेषाधिकारांचे जुने प्रकरण मिटले. सयामचा विवाहनोंदणीचा कायदा ज्या प्रेक्षकांकडे डोळे लावून लिहिला गेला, त्यांत खेड्यातल्या शेतकऱ्याइतकाच परदेशी वकिलातीतला अधिकारीही होता. आज त्याच खेड्यातला माणूस त्याच अधिकाऱ्याच्या खिडकीसमोर उभा राहून 'तुमचा विवाह झाला आहे का' या प्रश्नाने गोंधळतो. हा योगायोग मला साधा वाटत नाही.

कायद्याने बहुपत्नीत्व बंद केले, असे पुस्तकांत लिहिलेले असते. व्यवहारात काय झाले? एका बायकोला कागद मिळाला आणि इतर बायका कागदाबाहेर गेल्या. थाई भाषेत 'मिया नोई' म्हणजे धाकटी बायको. जुन्या संहितेत तिला कमी का होईना पण वाटा होता. नव्या संहितेत ती कोणीच नव्हती. याच कागदाबाहेरच्या प्रदेशात खेड्यातली लक्षावधी साधी, एकपत्नीक जोडपीही येऊन पडली. त्यांना धाकटी बायको नको होती; कचेरी दूर होती, आणि शंखाचे पाणी व मनगटाचा दोरा त्यांना पुरेसा वाटत होता. नियम एका दोषावर बेतला आणि लागू झाला भलत्यांनाच, असे प्रशासनात अनेकदा होते. त्याचे हे उत्तम उदाहरण.

पुढच्या काळात न नोंदविण्याला व्यावहारिक कारणेही मिळाली, आणि ती बहुतेक सरकारनेच पुरविली. नोंदणी केली की स्त्रीला नवऱ्याचे आडनाव घ्यावेच लागे. ही सक्ती घटनात्मक न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरविली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. नोंदणी केली की तिचे उपपद 'नांग' होई. २००८ च्या कायद्याने तिला निवड मिळाली. पगाराव्यतिरिक्तचे तिचे उत्पन्न करासाठी नवऱ्याच्या उत्पन्नात मिळविले जाई. ती पद्धत २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने मोडीत काढली. परदेशी पुरुषाशी नोंदणीकृत विवाह केलेल्या थाई स्त्रीला जमीन खरेदी करता येत नसे. १९९९ पासून, पैसा तिचा स्वतःचा आहे असे उभयतांनी लिहून दिल्यास, ते शक्य झाले. ज्या स्त्रीने १९९० च्या दशकात गावी चार गुंठे जमीन घेण्यासाठी विवाहाची नोंद टाळली, तिने सरकारी नियमांचा नीट हिशेब करूनच तसे केले होते. पुढे तिच्या नवऱ्याच्या देशाने व्हिसासाठी नोंदणीचा कागद मागितला. एका देशाने जो कागद न करण्याला बक्षीस दिले, तोच कागद नसल्याबद्दल दुसऱ्या देशाने तिला शंकेखाली आणले.

न नोंदविलेल्या विवाहाची किंमत मुख्यतः स्त्री मोजते, हेही सांगितले पाहिजे. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर ती वारस नाही. दोघांनी मिळून कमावलेल्या मालमत्तेत न्यायालये तिला सहमालक मानतात, पण ते तिने सिद्ध करावे लागते. ती कायद्याने विवाहित नव्हती, म्हणून ती विधवाही नाही. नवरा सोडून गेला तर घटस्फोटिताही नाही. बावीस वर्षांनंतरही तिच्या रकान्यात 'अविवाहित' हाच शब्द. मुलांच्या बाबतीत मात्र तराजू उलट झुकतो. संहितेनुसार अविवाहित स्त्रीचे मूल हे आईचे औरस मूल. बापाशी त्याचे कायदेशीर नाते जुळते ते आईवडिलांच्या पुढील विवाहाने, बापाने केलेल्या नोंदणीने किंवा न्यायालयाच्या निकालाने. त्यामुळे अल्पवयीन मुलाला परदेशी नेण्याची वेळ आली, की ज्याने त्याला लहानाचे मोठे केले तो बाप कचेरीच्या दृष्टीने त्रयस्थ ठरतो.

एकाच देशात याला अपवादही आहे. पट्टानी, याला, नराथिवात आणि सतून या दक्षिणेकडील चार प्रांतांत मुसलमानांच्या कौटुंबिक व वारसाहक्काच्या दाव्यांना १९४६ च्या कायद्याने इस्लामी विधी लागू आहे. तेथे निकाहाला न्यायालयात स्थान आहे. म्हणजे 'थायलंडमध्ये नोंदीविना विवाह नाही' हे वाक्यही संपूर्ण खरे नाही. परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावरील मार्गदर्शिकेत इतका बारकावा नेहमीच असतो असे नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. अमेरिकेच्या तात्पुरत्या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात विवाहित, अविवाहित, विधुर अथवा विधवा, घटस्फोटित, विभक्त यांच्याबरोबरच 'कॉमन लॉ' विवाह, नागरी भागीदारी आणि 'इतर' असेही पर्याय आहेत. युरोपातील शेंगेन अर्जात नोंदणीकृत भागीदारी हा वेगळा पर्याय आणि 'इतर' हाही आहे. कॅनडाच्या अर्जात 'कॉमन लॉ' जोडीदार हा पर्याय आहे आणि त्यासाठी किमान एक वर्ष एकत्र राहिलेले असावे लागते. ऑस्ट्रेलिया अशाच जोडप्यांना 'डी फॅक्टो' म्हणते. ब्रिटनने अविवाहित जोडीदारांसाठी १९९७ मध्ये सवलत म्हणून दार उघडले आणि २००० मध्ये ते नियमांत आणले. विवाहासारखे नाते किमान दोन वर्षांचे असावे, असा तेथील दंडक आहे. आपल्या देशाच्या व्हिसा अर्जातही वैवाहिक स्थिती आणि जोडीदाराचे नाव विचारलेले असते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर येथे दरवर्षी येणाऱ्या थाई यात्रेकरूंमध्ये वृद्ध जोडपी पुष्कळ असतात. त्यांतल्या कितीकांना हा रकाना भरताना थबकावे लागत असेल याची कल्पना करता येते.

या पर्यायांतून थाई जोडप्याने कोणता निवडावा? 'विवाहित' लिहिले तर प्रमाणपत्र मागितले जाईल आणि ते नाही. 'अविवाहित' लिहिले तर सोबत जाणारा हा पुरुष कोण, ही मुले कोणाची, असे प्रश्न येतील. एकट्या माणसाला परत येण्याचे बंधन कमी, अशीही शंका घेतली जाते. अमेरिकेचा कायदा तर तात्पुरत्या प्रवासाच्या अर्जदाराने उलट सिद्ध करीपर्यंत तो कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरतो. 'कॉमन लॉ' लिहावे, तर थाई कायदा असा विवाह मानीत नाही. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असे ठरले तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. कॅनडात पाच वर्षांची. एका शब्दावर एवढे ओझे आहे.

सर्वांत बिकट अवस्था अमेरिकन नागरिकाशी गावी लग्न लावलेल्या, पण नोंदणी न केलेल्या थाई स्त्रीची होते. पत्नी म्हणून अर्ज करावा, तर विवाहाची वैधता जेथे तो झाला तेथील कायद्याने ठरते. म्हणजे नोंद नाही तर पत्नी नाही. वाग्दत्त वधूसाठी १९७० पासून वेगळा व्हिसा आहे. तो मागावा, तर समारंभाची छायाचित्रे पाहून अधिकाऱ्याला शंका येऊ शकते की हे दोघे आधीच विवाहित आहेत. वाग्दत्त म्हणण्याइतकी ती अविवाहित नाही आणि पत्नी म्हणण्याइतकी विवाहित नाही. पासपोर्टावरील उपपदही मदतीला येत नाही. नोंद न केलेली स्त्री तेथे 'मिस' असते, आणि २००८ नंतर नोंद केलेली स्त्रीही हवे तर 'मिस' राहू शकते.

याला प्रामाणिक उत्तर आहे. रकाना कायद्याची स्थिती विचारतो, म्हणून स्वतःच्या देशाच्या कायद्याप्रमाणे जी स्थिती आहे तीच लिहावी. नोंद नसेल तर 'विवाहित' लिहू नये. जोडीदार, एकत्र राहणारे किंवा 'इतर' असा पर्याय असेल आणि त्या देशाच्या व्याख्येत आपण बसत असू, तर तो घ्यावा. तसा पर्याय नसेल तर 'अविवाहित' लिहावे, आणि सोबतच्या पत्रात संपूर्ण हकीकत चार ओळींत सांगावी : अमुक साली विधिपूर्वक लग्न झाले, नोंदणी केलेली नाही, तेव्हापासून अमुक पत्त्यावर एकत्र राहतो, मुले इतकी. त्याला घरनोंदणीचा उतारा, मुलांचे जन्मदाखले, लग्नाची छायाचित्रे जोडावीत. पहिल्या अर्जात जे लिहिले तेच, परिस्थिती बदलली नसेल तर, पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावे. कारण जुने अर्ज पुसले जात नाहीत. आणि दोघांचीही इच्छा असेल, तर एक दिवस आम्फोमध्ये जाऊन सही करावी, हे तर आहेच. तारीख मात्र त्या सहीच्या दिवसाची पडेल. त्याआधीची बावीस वर्षे त्या कागदावर येणार नाहीत.

आपल्याकडे चित्र उलट आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे सप्तपदीचा विधी असेल तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. कलम ८ नोंदणीची सोय करते, पण नोंद नसल्याने विवाहाला बाध येत नाही असेही म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बद्री प्रसाद खटल्यात सुमारे ५० वर्षे पतिपत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याच्या विवाहाचे पुरावे मागणाऱ्यांना परत पाठविले. २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात त्याच न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. पण नोंद हा भक्कम पुरावा होय, विवाहाचा प्राण नव्हे, ही भूमिका सोडली नाही. २०२४ मध्ये डॉली राणी खटल्यात तर विधीच झालेला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही असे न्यायालयाने म्हटले. परदेशी व्हिसाच्या घाईपोटी आधी नोंदणी आणि मग सवडीने लग्न, या नव्या रीतीचा उल्लेखही त्या निकालात आहे. म्हणजे थाई जोडप्याजवळ विधी असतो, कागद नसतो. आपल्या काही तरुण जोडप्यांजवळ कागद असतो, विधी नसतो. दोघांनाही या अवस्थेकडे ढकलणारे टेबल बरेचदा एकच असते.

थायलंडला जवळचे उदाहरण आपल्याकडे गोव्याचे आहे. पोर्तुगीज राजवटीपासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यामुळे तेथे हिंदू वधूवरांचा विवाह निबंधकापुढील सहीने होतो. पहिली सही इच्छेची, ठरावीक मुदतीनंतर दुसरी सही विवाहाची. देवळातला विधी त्यानंतर किंवा त्याआधी, ज्याच्या त्याच्या सोयीने. गोव्यात ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांत मुरली, कारण घर, जमीन, वारसा या सर्वांचे धागे त्या सहीपाशी येऊन मिळत होते. महाराष्ट्रात १९५३ चा नोंदणीचा कायदा होता, तरी साठ-सत्तरच्या दशकांत लग्न झालेल्या अनेक आईवडिलांजवळ लग्नपत्रिका आणि एक कृष्णधवल छायाचित्र याखेरीज काही नव्हते. मुलांकडे परदेशी जाण्याची वेळ आली तेव्हा, साठी उलटल्यावर, त्यांनी नोंदणी कचेरीत जाऊन सह्या केल्या. त्यांच्या प्रमाणपत्रावर विवाहाची जुनी तारीख आली. कारण आपला कायदा ती तारीख मानतो. थाई वृद्धांना ही सोय नाही. हा एवढासा फरक, पण एका संपूर्ण संसाराची वर्षे त्यावर टिकतात किंवा पुसली जातात.

२३ जानेवारी २०२५ रोजी थायलंडमध्ये समान विवाहाचा कायदा लागू झाला. 'पती' व 'पत्नी' यांच्या जागी संहितेत 'समरस' जोडीदार असा शब्द आला, विवाहाचे किमान वय १८ झाले, आणि पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक समलिंगी जोडप्यांनी सह्या केल्या. त्यांतील कित्येकजण दशकानुदशके एकत्र राहिलेले होते आणि प्रत्येक अर्जावर 'अविवाहित' लिहीत आले होते. नोंदवहीबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे त्यांना सर्वांत चांगले माहीत होते. म्हणून ते इतक्या तातडीने रांगेत उभे राहिले. नोंदवही चांगलीच गोष्ट आहे. ती बळजबरीचे विवाह थोपविते, दुसरे लग्न लपवू देत नाही, स्त्रीच्या हातात पुरावा देते. माझे म्हणणे एवढेच की जी नोंदवही स्वतःबाहेरच्या सर्वांना 'नाही' म्हणते, तिने बाहेर किती माणसे उभी आहेत हेही पाहिले पाहिजे.

आपल्याकडे नोंदणीच्या सक्तीचा आग्रह वाढत असताना ही गोष्ट विसरू नये. सक्ती करावी, दंड करावा, कचेरी दारात न्यावी. पण नोंद नाही म्हणून नांदलेली वर्षे रद्द करू नयेत. आणि अर्जाचे नमुने तयार करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी 'वैवाहिक स्थिती' या एका रकान्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत : विवाहाची नोंदणी झाली आहे का, असल्यास केव्हा व कोठे? नसल्यास जोडीदारासह राहता का, कधीपासून? मुले किती आणि ती कोणाची? या प्रश्नांना खेड्यातली अर्धशिक्षित स्त्रीही न अडखळता खरे उत्तर देऊ शकेल. अर्जदार प्रामाणिक आहे की नाही हे तपासण्याआधी आपला नमुना त्याला प्रामाणिक राहू देतो की नाही, हे तपासणे कचेरीचे काम आहे.